कुपीतलं विष आणि लेबलावरचा आकडा : फ्लोरिडातल्या चार रुग्णांचं प्रकरण

२००४ चा नोव्हेंबर. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर आली होती. फ्लोरिडातल्या ओकलंड पार्क इथल्या एका क्लिनिकमध्ये एका डॉक्टरने चार जणांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या घालवणारी इंजेक्शनं दिली. त्या चौघांत तो स्वतः होता, त्याची मैत्रीण होती आणि त्याच्या ओळखीचं एक जोडपं होतं. जोडप्यातले दोघेही कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीच्या कण्यावर हाताने उपचार करणारे, आरोग्याच्या व्यवसायातलीच माणसं. काही दिवसांतच चौघेही व्हेंटिलेटरवर गेले. डॉक्टर आणि मैत्रीण न्यू जर्सीत, जोडपं फ्लोरिडात.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे ‘बोटॉक्स’ या व्यापारी नावाने लोकांना माहीत असलेल्या औषधाची, कुपी माझ्या हातात नेहमीच असते, आणि नव्या डॉक्टरांना हे इंजेक्शन शिकवायची वेळ आली की मी सुई हातात द्यायच्या आधी हे प्रकरण सांगते. ते वैद्यकीय साहित्यात सविस्तर नोंदलेलं आहे, न्यायालयातही गेलेलं आहे. रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, बोटॉक्स सेफ आहे ना?’ या प्रश्नाचं माझं उत्तर ज्या एका घटनेवर उभं आहे ती हीच.

आधी हे औषध नेमकं काय करतं ते बघू.

क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि एक प्रथिन तयार करतो. ते प्रथिन नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, टोकाशी जाऊन आत शिरतं आणि तिथलं स्नॅप-२५ नावाचं दुसरं प्रथिन कापून टाकतं. ते कापलं गेलं की नसेतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडत नाही, आणि ॲसिटिलकोलीन नाही म्हणजे स्नायूला आकुंचनाचा निरोपच पोहोचत नाही. स्नायू शाबूत, नसही शाबूत, फक्त दोघांमधलं बोलणं बंद. भुवयांच्या मधल्या स्नायूत हे मोजून केलं की कपाळाच्या आठ्या सैल पडतात. हेच विष रक्तातून सगळ्या अंगभर पसरलं तर त्याला बोटुलिझम म्हणतात. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर हे विष अत्यल्प मात्रेत वापरून दाखवलं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, डोळ्यांच्या आजारांसाठी मान्यता दिली. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे त्वचातज्ज्ञ पती ॲलेस्टर यांनी सुरकुत्यांवरचा उपयोग पुढे आणला, आणि एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली. म्हणजे फ्लोरिडातली घटना घडली तेव्हा ही मान्यता जेमतेम अडीच वर्षांची होती आणि मागणी नुसती उसळत होती.

आता माझ्या टेबलावरची कुपी.

शंभर युनिटची बोटॉक्सची कुपी फ्रिजमधून काढून उजेडात धरली तर ती रिकामीच वाटते. नीट पाहिलं तर तळाशी काचेला चिकटलेला धुरकट पांढरा पापुद्रा दिसतो. शिकाऊ डॉक्टर त्याकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे औषध.’ ते औषध नसतं. तो पापुद्रा मिठाचा आणि माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचा असतो, मीठ ०.९ मिलिग्रॅम, अल्ब्युमिन ०.५ मिलिग्रॅम. खरं टॉक्सिन त्यात साधारण ५ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट. डोळ्याला सोडा, दवाखान्यातल्या कुठल्याही तराजूलाही ते कळणार नाही. सलाइनची सुई बुचातून आत घातली की कुपीतली निर्वात पोकळी सलाइन आपोआप ओढून घेते. ओढलं नाही तर ती कुपी वापरायची नाही. अडीच मिलिलिटर सलाइन घातलं की ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. आठ्यांसाठी पाच जागी प्रत्येकी ४, एकूण २० युनिट. झालं.

हे ‘युनिट’ म्हणजे काय, ते रुग्ण कधी विचारत नाहीत. ठरावीक वजनाच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पोटात टोचल्यावर निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा म्हणजे एक युनिट. वजन करता येत नाही म्हणून ताकदीचं माप असं ठरवलं गेलं. कंपनीगणिक मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाचं युनिट आणि बोटॉक्सचं युनिट एक नव्हे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर चूक ठरलेली. माणसाच्या बाबतीत जीवघेणी मात्रा काही हजार युनिटांची धरतात. आठ्यांचे २० युनिट आणि ते काही हजार यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतराला मी सुरक्षितता म्हणते. टॉक्सिनच्या रेणूत कसलीही सौम्यता नाही. आजवर माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते.

ओकलंड पार्कच्या क्लिनिकमधली कुपी मात्र शंभर युनिटची नव्हती. कॅलिफोर्नियातली एक प्रयोगशाळा संशोधनासाठी शुद्ध टॉक्सिन बनवते आणि विद्यापीठांना, संशोधकांना विकते. तिथलं हे टॉक्सिन होतं. माणसांवर वापरण्यासाठी नाही, केवळ संशोधनासाठी, असंच त्याचं स्वरूप होतं. एका कुपीत १०० मायक्रोग्रॅम.

पाच नॅनोग्रॅम आणि शंभर मायक्रोग्रॅम. दोन्ही आकडे कानाला सारखेच छोटे लागतात, आणि घोटाळा इथेच आहे. मी शिकवताना साखरेचा हिशेब मांडते. माझ्या बोटॉक्सच्या कुपीतलं टॉक्सिन म्हणजे चहात घालायची अर्धा चमचा, अडीच ग्रॅम साखर असं समजा. मग त्या संशोधनाच्या कुपीतलं टॉक्सिन म्हणजे पन्नास किलोचं अख्खं पोतं. वीस हजार पट. कपाळात टोचण्याइतकं ते पातळ करायला अडीच मिलिलिटरऐवजी पन्नास लिटर सलाइन लागलं असतं, अर्ध्या लिटरच्या शंभर बाटल्या. आणि हा झाला नुसत्या वजनाचा हिशेब. नंतरच्या तपासणीत त्या मालाची ताकद याहूनही जास्त निघाली.

चौघांपैकी प्रत्येकाच्या अंगात माणसासाठी जीवघेण्या समजल्या जाणाऱ्या मात्रेच्या २,८५७ पटीपर्यंत विष गेलं असावं, असा अंदाज तपास करणाऱ्यांनी मांडला. त्याच उत्पादकाच्या त्याच लॉटमधली एक कुपी तपासली, तेव्हा तिच्यातलं टॉक्सिन समान वाटून टोचलं तर सुमारे १४,२८६ प्रौढ माणसं मारायला पुरेसं निघालं. हे आकडे २००६ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये छापून आले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले, छपाईची चूक असेल असं वाटून.

रुग्णांकडे येऊ. बोटुलिझम वरून खाली उतरतो. आधी डोळे: पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. मग जीभ जड, बोलणं बोबडं, गिळताना ठसका. मग मान सावरत नाही, हात उचलत नाहीत, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. ताप नसतो. बधिरपणा नसतो, टाचणी टोचली तर पूर्ण कळते. शुद्ध तर शेवटपर्यंत लख्ख असते. व्हेंटिलेटरवरचा बोटुलिझमचा रुग्ण डोळे मिटलेला, निश्चल, झोपल्यासारखा दिसतो, आणि त्याला खोलीतला प्रत्येक शब्द ऐकू येत असतो. पापणी बोटाने उचलून धरली तर तो समोरच्याला बघतो. आयसीयूत अशा रुग्णाच्या उशाशी उभं राहून ‘हा काही वाचत नाही’ असं कोणी बोलू नये, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण असं बोललं जातं आणि ते ऐकलं जातं.

ही लक्षणं पाहून डॉक्टरच्या मनात आधी पक्षाघात येतो, स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया येतो, नसांवर हल्ला करणारा गिलियन-बॅरे येतो. बोटुलिझम हा दुर्मिळ आजार, आणि तो म्हटलं की डबाबंद किंवा घरी बरणीत भरून ठेवलेलं अन्न डोळ्यांसमोर येतं. ‘तुम्ही काय खाल्लं?’ असं विचारलं जातं. ‘चेहऱ्यावर काय टोचून घेतलं?’ हे विचारायचं सुचत नाही, आणि सुरकुत्यांचं इंजेक्शन घेतल्याचं रुग्ण आपण होऊन सांगतोच असं नाही. आपल्याकडे तर ते घरातसुद्धा लपवलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी ‘बिल घरी पाठवू नका’ म्हणतात. त्यांचा संकोच मला समजतो. पण अंगावर असं काही बेतलं तर हाच संकोच निदानाचे तास खाईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

बोटुलिझमची रक्ततपासणी आजच्या यंत्रांच्या जमान्यातही जुन्याच वळणाची वाटते. रुग्णाचा रक्तद्रव उंदरांना टोचतात, आणि दुसऱ्या उंदरांना तोच रक्तद्रव प्रतिविषासह टोचतात. पहिले मेले आणि दुसरे जगले की निदान पक्कं. चौघांपैकी तिघांचे उपचारापूर्वीचे नमुने मिळाले, आणि त्यांच्या रक्तातच जीवघेण्या मात्रेच्या २१ ते ४३ पट टॉक्सिन फिरत होतं. चौथ्याचा उपचारापूर्वीचा नमुना उपलब्ध नव्हता.

बोटुलिझमवर घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेलं प्रतिविष देतात. त्याची एक मर्यादा आहे. रक्तात मोकळं फिरणारं टॉक्सिन ते पकडतं, पण नसेच्या आत एकदा शिरलेल्या टॉक्सिनला ते हात लावू शकत नाही. म्हणून तास महत्त्वाचे. सगळा अहवाल येईपर्यंत थांबायचं नसतं, संशय पक्का झाला की द्यायचं. त्यानंतर उरतं ते यंत्राने श्वास चालू ठेवणं, जंतुसंसर्ग होऊ न देणं आणि वाट पाहणं.

चौघेही जगले.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. त्या डॉक्टरने तेच द्रावण स्वतःच्या चेहऱ्यात टोचलं होतं, आणि आपल्या मैत्रिणीच्याही. त्याला कुणाचा घात करायचा नव्हता हे यातून दिसतं. पण त्याचा पूर्ण विश्वास होता, एवढाच त्याचा अर्थ होतो. सिरिंजमधलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं. २० युनिटचं असो की लाखो युनिटचं, रंग तोच, धार तीच. चूक डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, टोचताना वेगळं दुखत नाही, आणि पहिली लक्षणं यायला तास-दिवस जातात. म्हणून या औषधाच्या बाबतीत डॉक्टरचा हात कितीही कसलेला असला तरी तो पुरत नाही. कारखान्यात कोणीतरी मोजलं, कोणीतरी तपासलं, लेबलावर आकडा छापला, औषध थंड साखळीतून दवाखान्यात आलं. ही साखळी हाच एकमेव पुरावा. त्या डॉक्टरने साखळी सोडली तेव्हाच प्रकरण हाताबाहेर गेलं होतं, पातळ करण्यातली चूक त्यानंतरची.

आणि त्याने ती का सोडली? त्याचा वैद्यकीय परवाना तेव्हा निलंबित होता. परवाना नसलेल्या माणसाला अधिकृत औषध सरळ मार्गाने कसं मिळणार? त्या सुमारास एक बाजारही उभा राहिला होता. ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये टॉक्सिन रिसर्च इंटरनॅशनल नावाची कंपनी संशोधनासाठी म्हणून टॉक्सिन विकायची, आणि घेणारे होते देशभरातले डॉक्टर. मान्यताप्राप्त औषधापेक्षा स्वस्त. त्यातल्या कित्येकांनी रुग्णांना ‘बोटॉक्स’ असंच सांगून ते टोचलं. फ्लोरिडाच्या घटनेनंतर तपास सुरू झाला. कंपनी चालवणाऱ्या जोडप्याला २००६ मध्ये शिक्षा झाली, एकाला नऊ वर्षं, दुसरीला जवळजवळ सहा. क्लिनिकच्या डॉक्टरने गुन्हा कबूल केला, त्याला तीन वर्षांची कैद झाली. इतरही अनेक डॉक्टरांवर खटले चालले.

मला त्या खरेदीदार डॉक्टरांचा राग येतो. फ्लोरिडातल्या माणसाची चूक राक्षसी होती, पण ‘फक्त संशोधनासाठी’ असलेला माल शुद्धीत, हिशेब करून, चार पैसे वाचवायला घेणारे बाकीचे कुणी भाबडे नव्हते.

आता मान्यताप्राप्त औषधाची दुसरी बाजू मांडायलाच हवी, नाहीतर हे प्रकरण वाचून लोक उगाच घाबरतील. १९८९ ते २००३ या काळात बोटॉक्सबद्दल एफडीएकडे आलेल्या तक्रारींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेले २८ मृत्यू सगळे आजारांच्या उपचारातले होते, जिथे मात्रा मोठ्या असतात आणि रुग्ण आधीच खंगलेले असतात. टॉक्सिनमुळेच ते गेले, असंही त्यातून सिद्ध होत नाही. सौंदर्योपचारात मृत्यूची नोंद नव्हती, गंभीर घटना ३६ होत्या. आठ्यांच्या चाचण्यांत पापणी खाली येण्याचं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं, आणि ती काही आठवड्यांत आपोआप वर जाते. माझ्या हातूनही पापणी पडलेली आहे. रुग्णाचे ते दिवस फार वाईट जातात आणि आपलेही.

२००९ मध्ये एफडीएने या सगळ्या टॉक्सिनांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा बंधनकारक केला: टॉक्सिन टोचल्या जागेपासून दूर पसरू शकतं, आणि काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत गिळण्याचा, श्वासाचा त्रास होऊ शकतो. सर्वाधिक धोका स्नायूंच्या ताठरपणासाठी मोठ्या मात्रा घेणाऱ्या मुलांना. चेहऱ्याच्या छोट्या मात्रांत तो धोका खूप कमी. तरीही मायस्थेनिया किंवा मोटर न्यूरॉनसारखा नसा-स्नायूंचा आजार असेल, जेंटामायसिनच्या जातीची अँटिबायोटिक चालू असतील, गरोदरपण असेल, तर ते इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं.

फ्लोरिडातल्यासारखी गोष्ट पुन्हा घडायची नाही असं वाटत असेल, तर २०२४ चा एप्रिल आठवावा. तोवर अमेरिकेच्या ११ राज्यांतल्या २२ महिलांना नकली किंवा गैरमार्गाने आलेल्या इंजेक्शनांचा त्रास झाल्याची नोंद झाली होती. त्यांतल्या ११ जणींना रुग्णालयात ठेवावं लागलं. अनेकींनी ते घरी किंवा स्पामध्ये, परवाना नसलेल्यांकडून घेतलं होतं. सापडलेल्या नकली खोक्यांपैकी काहींवर ‘१५० युनिट’ छापलेलं होतं, आणि मूळ कंपनी १५० युनिटची कुपी बनवतच नाही. खोकं कुणी नुसतं वाचलं असतं तरी नकली माल तिथेच ओळखू आला असता.

आपल्याकडे महाराष्ट्रातल्या शहरांत आता गल्लीगल्लीत ‘बोटॉक्स’च्या पाट्या दिसतात. त्यातली पार्लरमधली ‘हेअर बोटॉक्स’ ही केसांची ट्रीटमेंट असते, तिच्यात हे टॉक्सिन नसतं, तिचा या लेखाशी संबंध नाही. पण चेहऱ्यात सुई जाणार असेल तर कुपी बघायला मागा. नाव, युनिट, बॅच नंबर, एक्सपायरी. फ्रिजमधून काढली का, तुमच्यासमोर सलाइन घातलं का, किती युनिट कुठे टोचले ते कागदावर लिहून दिलं का. सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये आली तर विचारा की ती कशातून भरली. डॉक्टर ओळखीचा आहे म्हणून विचारायला अवघड वाटतं हे खरं. फ्लोरिडातल्या त्या जोडप्याचाही डॉक्टर ओळखीचाच होता. आणि इंजेक्शननंतर दोन दिसू लागलं, आवाज बदलला, पाणी नाकातून येऊ लागलं किंवा श्वास अपुरा वाटला, तर इंजेक्शन देणाऱ्याला फोन लावत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि पहिल्या वाक्यात सांगा की बोटुलिनम टॉक्सिन टोचून घेतलं आहे.

माझ्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार सुरक्षिततेची नसतेच. ‘तीन-चार महिन्यांत उतरतं हो, पुन्हा पैसे घालायचे’ ही असते. उतरतं, कारण नस स्वस्थ बसत नाही. बंद पडलेल्या टोकाच्या बाजूने ती नवे धुमारे काढते, स्नायूशी पुन्हा संधान बांधते, आणि हळूहळू जुनं टोकही कामाला लागतं. म्हणूनच आठ्या परत येतात. फ्लोरिडातल्या त्या चौघांच्या अंगात हेच काम पापण्यांपासून छातीपर्यंत प्रत्येक स्नायूत चाललं होतं, आणि ते पुरं होईपर्यंत यंत्र त्यांचा श्वास घेत होतं.